घरोघरी : शेवटी कोण गेलं होतं?

सकाळी सातची वेळ. एकाला ऑफिस गाठायचंय, एकाला कॉलेज, आणि घरातला एकुलता एक संडास तुंबलेला. अशा सकाळी घरात जी बोलाचाली होते ती छापण्यासारखी नसते. पण त्यातला एक प्रश्न मात्र घरोघरी ठरलेला. "शेवटी कोण गेलं होतं?"

पाककृतीच्या शेजारच्या चौकटीत हा विषय नको, असं आमच्या ह्यांनी सुचवून पाहिलं. पण मंडळी, ज्या घरात स्वयंपाक होतो त्या घरात पुढचंही सगळं होतंच. गळके नळ झाले, भिंतीतली ओल झाली, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं. मग ह्याच विषयाला नाक मुरडून कसं चालेल? शिवाय या एका प्रश्नापायी आमच्या घरात जे घडलं, ते आणखी चार घरांत घडू नये म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, जुन्या पद्धतीचं. संडास मागच्या अंगाला, भारतीय बैठकीचा. वर सहा फुटांवर बिडाची काळी टाकी आणि तिला लोंबणारी साखळी. साखळी ओढली की असा आवाज व्हायचा की गल्लीतल्या लोकांनाही कळावं. गेल्या दिवाळीच्या आधी त्या टाकीला बुडाशी गंज लागून पाणी ठिबकायला लागलं. त्यात आमच्या सासूबाई आता ब्याऐंशीच्या. खांदा दुखतो, साखळी ओढवत नाही. म्हणून ती टाकी काढून टाकली आणि नवी पांढरीशुभ्र प्लास्टिकची, दोन बटणांची टाकी बसवली. लहान बटण दाबलं की थोडं पाणी, मोठं दाबलं की जास्त. पाणी वाचतं, आवाज नाही, दिसायला छान. प्लंबरने दोन तासांत काम उरकलं, जुनी टाकी भंगारवाल्याकडे गेली आणि आम्ही दिवाळीच्या फराळाला लागलो.

बाराव्या दिवशी संडास तुंबला.

एकदा तुंबलं तर माणूस फारसं मनावर घेत नाही. रबरी पंप आणला, चार वेळा दाबला, पाणी गेलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग घरात उपायांची रांग लागली. ह्यांनी उकळतं पाणी ओतलं. मेहुण्यांनी अॅसिडची बाटली आणून दिली, ती ओतल्यावर तासभर घरात सगळे खोकत होते. शेजारच्या काकांनी बांबूची लांब कांबी आणून खुपसली. प्रत्येक उपायाने पाणी जायचं, प्रत्येक जण आपलाच उपाय लागू पडला म्हणायचा, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा भांडं काठोकाठ. दोन महिन्यांत पाच वेळा.

टाकी बसवणाऱ्या प्लंबरला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, "टाकी एकदम ओके आहे. तुमची खालची लाइनच जुनी झालीय. अंगण फोडून पाइप बदला." आकडाही सांगितला. तो ऐकून आम्ही गप्प बसलो.

आईंचा चहा

आता मूळ गोष्टीकडे येते. प्रत्येक वेळी तुंबलं की तो प्रश्न निघायचाच. शेवटी कोण गेलं होतं? रात्री दोन-तीनदा उठणारं माणूस घरात एकच, सासूबाई. त्यामुळे दहातल्या आठ वेळा उत्तर तेच यायचं. कुणी त्यांना टाकून बोललं नाही, हे मी शपथेवर सांगते. पण "आई, मोठं बटण दाबलं होतंत ना?" असं विचारलं जायचं. मुलाने एकदा हसत हसत बटणांवर स्केचपेनने "१" आणि "२" असे आकडे काढून ठेवले. आम्हाला ती गंमत वाटली.

जानेवारीत आईंना लघवीला जळजळ सुरू झाली, अंगात कणकण. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?" आई काही बोलेनात. मी म्हटलं, "तांब्या तर भरून ठेवते मी रोज." डॉक्टरांनी पुन्हा आईंकडे पाहिलं. तेव्हा त्या खाली बघत म्हणाल्या, "कमी केलंय मी. चारनंतर चहापण नाही घेत. घेतलं की जावं लागतं. माझ्यामुळंच तुंबतंय ना ते."

गेले तीन आठवडे त्या दुपारचा चहा "नको गं, पित्त होतंय" म्हणून टाळत होत्या. मी त्यांना आलं कमी घालून चहा करून देत होते. माझ्या डोक्यात पित्तच होतं.

दवाखान्यातून घरी येताना रिक्षात आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं की ही भानगड मुळापासून शोधायची.

कालनिर्णयवरच्या फुल्या

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतं, दुधाचे खाडे त्यावर मांडलेले असतात. त्यावरच मी मागच्या आठवणीने आणि पुढे रोजच्या रोज, तुंबलं त्या तारखेवर फुली मारायला सुरुवात केली. टाकी बदलली ती तारीखही गोल करून ठेवली. मग दिसलं ते असं. सासऱ्यांच्या वेळेपासून वर्षानुवर्षं तो संडास कधी तुंबल्याचं कुणाला आठवत नाही, आणि गोलानंतर मात्र फुल्याच फुल्या. म्हणजे लाइन जुनी आहे हे खरं, पण ती दिवाळीच्या बाराव्या दिवशी अचानक म्हातारी झाली नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून मजेची. मध्ये एकदा नव्या टाकीतला पाणी भरणारा व्हॉल्व्ह अडकला. सुटा भाग मिळेपर्यंत टाकीचं पाणी बंद होतं आणि सगळे बादलीने पाणी टाकत होते. विहीर मागेच, त्यामुळे बादल्यांना तोटा नव्हता. ते बारा-तेरा दिवस फुली नाही. व्हॉल्व्ह आला, टाकी सुरू झाली, आणि नवव्या दिवशी फुली.

ह्यांना ते कॅलेंडर दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे बादलीनं जातंय आणि टाकीनं जात नाही."

मग खानापूरकडच्या एका वयस्क प्लंबरना बोलावलं. जुन्या घरांची कामं केलेले. ते आले, चप्पल काढून ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि संडासाकडे जायच्या आधीच विचारलं, "अक्का, हे सुरू व्हायच्या आधी घरात नवीन काय केलासा?"

शेवटी कोण गेलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही. काय बदललं, हे विचारलं. दोन महिन्यांत हा प्रश्न आम्हाला कुणाला सुचला नव्हता.

भांडं आणि टाकी ही जोडी

त्यांनी जे दाखवलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट पाण्याची. जुन्या बिडाच्या टाक्या दहा लिटरच्या, काही साडेबारा लिटरच्या असत. आमचं भांडं त्या काळातलं. एवढं पाणी एकदम येईल असं धरूनच त्याची घडण केलेली. नवी दोन बटणांची टाकी मोठ्या बटणाला सहा लिटर आणि लहान बटणाला तीन लिटर सोडते. त्यांनी नळ बंद करून टाकीवर पेन्सिलीने खूण केली, मोठं बटण दाबून टाकी रिकामी केली आणि एक लिटरच्या बाटलीने पुन्हा खुणेपर्यंत भरली. सव्वापाच बाटल्या बसल्या. आतला फुगा बसवतानाच खाली ठेवला गेला होता, त्यामुळे सहाही पूर्ण येत नव्हते. दहाच्या जागी सव्वापाच!

दुसरी गोष्ट उंचीची. टाकी सहा फुटांवर असली की पाणी जोराने खाली येतं, म्हणून उंच टाकीला सव्वा इंची, म्हणजे ३२ मिलिमीटरचा पाइप चालतो. टाकी खाली कंबरेएवढ्या उंचीवर आणली की तो जोर कमी होतो. तो भरून काढायला पाइप रुंद लागतो, दीड इंची, ३८ मिलिमीटरचा. आमच्याकडे टाकी खाली आली, पण पाइप तोच जुना, कापून आखूड केलेला. म्हणजे पाणी कमी, जोर कमी आणि वाटही अरुंद.

तिसरी गोष्ट त्यांनी आरसा आणि टॉर्च घेऊन शोधली. भांड्याच्या खाली पाइपला वाक असतो, त्यात पाणी साठून राहतं आणि खालचा वास वर येत नाही. त्या वाकात सिमेंटचा लिंबाएवढा गोळा अडकला होता. जुनी टाकी भिंतीतून उखडताना पडलेला असणार. काम करताना भांड्यावर पोतं झाकलं असतं तर तो आत गेलाच नसता. दहा लिटरच्या लोंढ्यापुढे अशी अर्धवट अडचण एखाद वेळी निभावून जाते. सव्वापाच लिटरच्या धारेपुढे नाही.

आता आठ-दहा दिवसांचं गणित. पाणी कमी पडलं म्हणजे भांडं लगेच तुंबत नाही. भांडं वरून स्वच्छ दिसतं. पण मैला वाक ओलांडून आतल्या आडव्या पाइपात थोडा पुढे जातो आणि तिथेच बसतो. आमच्या भांड्यापासून अंगणातल्या चेंबरपर्यंत बावीस फूट पाइप आहे. त्यात आजचं थोडं राहिलं, उद्याचं त्यामागे राहिलं, परवाचं त्याच्यामागे. आठव्या-दहाव्या दिवशी वाट बंद. तुंबलेलं आपल्याला त्या दिवशी दिसतं, पण तुंबायला सुरुवात आठवडाभर आधीच झालेली असते, आणि त्यात घरातल्या प्रत्येकाचा वाटा असतो. शेवटी गेलेलं माणूस फक्त रांगेतलं शेवटचं.

मी हे आईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

दुरुस्ती काय केली? चेंबरचं झाकण उघडून तिकडून भांड्याकडे लवचिक सळई घातली, आतलं सगळं सुटं केलं, सिमेंटचा गोळा काढला. पाठोपाठ पाच-सहा बादल्या पाणी जोराने टाकलं. दोन बटणांची टाकी काढून दहा लिटरची, एका दांडीची बसवली, ती थोडी वर, आणि तिला दीड इंची नवा पाइप. दांडी बोटाने खाली होते, आईंच्या खांद्याला त्रास नाही. अंगण फोडावं लागलं नाही. या गोष्टीला आता बरेच महिने झाले, मधे पावसाळाही गेला. कॅलेंडरवर फक्त दुधाचे खाडे आहेत.

सहा लिटरच्या टाक्या वाईट, असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्या टाक्यांसाठी तशीच भांडी बनवलेली असतात. त्यांचा आकार, आतली वाट सगळं कमी पाण्यात काम व्हावं असं असतं. नव्या घरात, नव्या भांड्याबरोबर त्या उत्तम चालतात आणि पाणी खरोखर वाचतं. पण भांडं आणि टाकी ही जोडी आहे. एक जुनं ठेवून दुसरं नवं आणायचं असेल, तर भांड्याला किती पाणी लागतं हे आधी विचारा. आणि जुन्या मोठ्या टाकीत पाणी वाचवायला वीट टाकून ठेवण्याची जी युक्ती सांगतात, ती छोट्या टाकीत मुळीच करू नका. वीट विरघळून तिचा चुरा व्हॉल्व्हमध्ये बसतो तो वेगळाच.

आधी घरी एवढं पाहा

प्रत्येक घराचं दुखणं आमच्यासारखंच असेल असं नाही. पण प्लंबरला बोलावण्याआधी पुढच्या गोष्टी आपल्या आपण पाहता येतात.

बादलीची परीक्षा. भांडं रिकामं आणि मोकळं असताना दहा लिटर पाणी कंबरेच्या उंचीवरून एकदम ओता. सरळ निघून गेलं आणि टाकीच्या पाण्याने मात्र रेंगाळत असेल, तर दोष टाकीकडे. बादलीनेही पाणी वर चढून हळूहळू उतरत असेल, तर अडचण खाली आहे.

चेंबर पाहा. घराला सर्वांत जवळच्या चेंबरचं झाकण उघडा. लगेच तोंड आत घालू नका, दोन पावलं मागे राहून थोडा वेळ हवा जाऊ द्या. विडी-काडी तर जवळ नकोच. भांडं तुंबलेलं आणि चेंबर कोरडं, म्हणजे अडचण त्या दोघांच्या मधे. चेंबरही भरलेलं, म्हणजे अडचण त्याच्या पुढे, आणि मग तुमची टाकी कितीही मोठी असली तरी उपयोग नाही. चेंबर मोकळं असताना आतून एकाला फ्लश करायला सांगा आणि बाहेरून बघा. पाणी लोंढ्याने आलं तर ठीक. नुसती धार आली, तर पाणी कमी पडतंय.

आवाज ऐका. फ्लश केल्यावर मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज येत असेल किंवा तिथून पाणी वर येत असेल, तर दोघांची सामाईक लाइन अडली असण्याचा संभव आहे. भिंतीला लागून गच्चीवर जाणारा हवेचा उभा पाइप असतो, त्याचं तोंडही बघा. पक्ष्याचं घरटं किंवा पालापाचोळा त्यात बसलेला आढळतो.

ऋतू पाहा. फक्त पावसाळ्यातच तुंबत असेल, तर संशय सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर घ्या. जमीन पाण्याने भरली की खड्डा पाणी शोषत नाही आणि सगळं मागे येतं. आपल्याकडे श्रावणात हे नेहमीचं. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावा लागतो. तो बांधल्यापासून उघडलेला नाही, असं अभिमानाने सांगणारे लोक मला भेटतात. त्यात अभिमानासारखं काही नाही.

उतार आणि पाइप. चार इंची पाइपला दर दहा फुटांना साधारण तीन इंच उतार हवा. जुन्या घरांतून चिनी मातीचे पाइप सिमेंटने सांधलेले असतात. सांध्यातून पिंपळ-उंबराची मुळं आत शिरतात. काळ्या मातीच्या गावांत जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाइप मधेच बसतो. ही दुखणी हळूहळू वाढतात, एखाद्या तारखेपासून सुरू होत नाहीत. म्हणून तारखा लिहून ठेवणं महत्त्वाचं.

भांड्यात काय टाकतो. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे ओले पुसणे, कापूस, केसांचे गुंतवळ, शिळी आमटी, तळणाचं तेल, यातलं काहीही भांड्यात टाकायचं नाही. पाकिटावर टाकलं तरी चालतं असं छापलेलं असलं, तरी नाही.

आणि अॅसिडबद्दल. वाकात सिमेंट, कापड किंवा प्लास्टिक अडकलेलं असेल तर अॅसिडने ते निघत नाही. त्यातलं थोडं भांड्यात साठून राहतं, मग जो माणूस पंप मारतो त्याच्या अंगावर उडतं. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच एकापाठोपाठ कधीही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. मेहुण्यांच्या बाटलीने आम्ही नुसते खोकलो, तेवढ्यावर निभावलं.

उतरणारा माणूस

एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा लेख संपवता येत नाही. चौथ्या फुलीच्या वेळी एकांनी सुचवलं होतं, "एक माणूस आहे, पाचशे रुपयांत टाकीत उतरतो. सांगू का त्याला?" आणि मी खोटं कशाला बोलू, त्या सकाळच्या वैतागात माझ्या तोंडून "बघा" एवढं गेलं होतं. तो माणूस त्या दिवशी दुसऱ्या कामावर होता, म्हणून आला नाही. नशीब आमचं, आणि त्याचंही.

सेप्टिक टँक आणि गटाराच्या बंद चेंबरमध्ये विषारी वायू साठतात. सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू जास्त झाला, की काही क्षणांत नाकाला त्याचा वासही येईनासा होतो. आत उतरलेला माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

हाताने मैला काढण्याची प्रथा बंद करणारा केंद्राचा कायदा २०१३ साली झाला. संरक्षक साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये साफसफाईला उतरवणं हा त्याखाली गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा कायदा घरमालकालाही लागू आहे. गटारात मृत्यू आला तर कुटुंबाला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. घाटाखाली कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला वाहण्याचं हे काम माणसाच्या माथ्यावरून जावं म्हणून आयुष्य वेचलं. त्यांना जाऊनही अर्धशतक उलटलं. तेव्हा टाकी उपसायची असेल तर उपसा करणारी गाडीच बोलवा. एक-दोन दिवस थांबावं लागलं तरी थांबा.

आणि आमच्या घरी तर टाकीत उतरण्यासारखं काही नव्हतंच. सव्वापाच लिटर पाणी, एक अरुंद पाइप आणि लिंबाएवढा सिमेंटचा गोळा. एवढ्यासाठी एक माणूस आम्ही त्या अंधारात सोडणार होतो.

नवी टाकी बसली त्या संध्याकाळी पाच वाजता मी चहा टाकला. आईंना विचारलं नाही, नेहमीचा कप भरून नेऊन दिला. त्यांनी कप घेतला, एक घोट प्यायल्या आणि म्हणाल्या, "आलं कमी का गं घालतेस हल्ली?"

तुमच्या घरात पुढच्या वेळी काही तुंबलं, गळलं, बंद पडलं, की शेवटी कोण गेलं होतं हे विचारण्याआधी कॅलेंडर काढा आणि त्याआधी घरात काय बदललं ते बघा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस अलीकडे चहाला नको म्हणत असेल, तर पित्त आहे असं धरून चालू नका. एकदा जवळ बसून विचारा.